जिराफांच्या माना

बाळाच्या लशीसाठी दवाखान्यात बसले होते. शेजारी एक बाबा आपल्या बहिणीला बिस्किटांचा डबा उघडून दाखवत होते. त्यांची लेक आत डॉक्टरांकडे होती.

“ताई, जिराफांच्या माना कुठे गेल्या बघ!”

“बिस्किटं कापल्यावर, भाजायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवली होतीस?”

“राहिलं गं. ओव्हनमध्ये सगळी पसरली.”

“आयसिंगचे काळे ठिपके दे, गाई म्हणून खपतील.”

“आज चार वाजता वाढदिवस, अन् तिने अख्ख्या वर्गाला जिराफ कबूल केलेत. माझं नाक कापलं जाईल.”

“इतक्या माना गेल्या, एक नाक गेलं तर काय!”

तेवढ्यात लेक बाहेर आली आणि डब्यावर वाकली.

“बाबा, ही तर पिल्लं आहेत!”

“हो ना राणी, पिल्लंच!”

“मग चारच्या आत यांच्या आया करा.”