गोणपाटाखालचा मान

शकू: पडदा पूर्ण सरकवा की. अर्ध्या डोळ्याने काय दिसणार?

परब: मी हवा बघतोय.

शकू: हवा गेटापाशी माशांची पाटी घेऊन बसलीय. हिरवं लुगडं नेसून.

परब: केशरबाई आली होय? माझं लक्षच नव्हतं.

शकू: लक्ष नव्हतं, पण दाढी झाली. महाशिवरात्रीला मासे खायचे सोडलेत, आता मृग आला तोंडावर; रविवारची सकाळची दाढी काही सुटली नाही.

परब: दाढीचा आणि माशांचा काय संबंध?

शकू: तेच तर मी तीस वर्षं विचारतेय. कोळणीसमोर गुळगुळीत जायचात. माझ्या भावाच्या लग्नाला मात्र खुंट वाढवून आलेलात.

परब: हळू बोल. वरच्या मजल्यावरचा सुशांत उतरला खाली.

शकू: उतरू दे. त्याला खायचंय.

परब: त्याला काय कळतंय खायचं! सांगलीकडचा माणूस, वागळे इस्टेटला नोकरी लागली म्हणून समुद्राच्या जवळ आला, एवढंच. परवा जिन्यात मला विचारतो, काका, मांदेली बोनलेस मिळते का?

शकू: मग तुम्ही काय म्हणालात?

परब: म्हटलं, मिळते, पण मग मांदेली राहत नाही. बघ, बघ. उकिडवा बसला. पँट वर ओढून. मी बसायचो तस्सा. कुणी शिकवलं याला? आणि ती हसतेय, शकू.

शकू: गिऱ्हाइकाला बघून रडेल का?

परब: हे गिऱ्हाइकासाठीचं हसू नाही. मला ठाऊक आहे ना कुठलं ते. थांब. थांब, थांब. गोणपाट उचललं तिने!

शकू: कुठलं गोणपाट?

परब: अगं, ओलं गोणपाट! पाटीत वर मांडलेला माल जगाचा. ओल्या गोणपाटाखाली असतो तो एकाच माणसाचा. तीस वर्षं तो माणूस मी होतो. त्यातलं काढून दिलं त्याला. मासा नीट नाही दिसला. शेपूट दिसली. गोल होती.

शकू: तुम्ही खात नाही ना आता?

परब: खात नाही म्हणून काय झालं? माणूस रिटायर झाला की खुर्चीवर लगेच दुसऱ्याला बसवायचं?

शकू: तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर दुसऱ्याच दिवशी बसवलेला. तेव्हा पेढे वाटलेत.

परब: त्या खुर्चीचं सोड. तिच्यावर कुणीही बसावं.

शकू: एवढं जळताय, तर मुळात हात वर कशाला केलात?

परब: तो विषय नको.

शकू: नको कसा? ज्येष्ठ नागरिक संघात ते पाहुणे शाकाहारावर तासभर बोलले. शेवटी म्हणाले, आजपासून मांसाहार कोण सोडणार, हात वर करा. आख्ख्या हॉलमध्ये एकच हात. माझ्या शेजारचा.

परब: पंखा वाढवा म्हणून केलेला मी.

शकू: शाल घालत होते तेव्हा सांगायचं.

परब: टाळ्या वाजत होत्या. म्हटलं थांबल्या की सांगू. तोवर हातात नारळ आला. मग फोटो ग्रुपवर गेला. त्याखाली एकसष्टीला आले नव्हते तेवढे हात जोडलेले आले. आणि खोटं कशाला बोलू, जमलं मला. कोलेस्टेरॉल उतरलं. आता शेजारी कुणी बांगडा तळला तरी मी शांतपणे पेपर वाचतो. खाण्याचं काही नाही गं.

शकू: मग कशाचं आहे?

परब: "ही तुझ्यासाठीच ठेवली." हे वाक्य दर रविवारी ऐकायचो. या जगात अजून कोण माझ्यासाठी काही ठेवतं?

शकू: मी पोळ्या झाकून ठेवते.

परब: ते वेगळं.

शकू: वेगळंच. सुरण, निरफणस, कच्ची केळी. जे हाती लागलं ते कोकम-तिखट लावून, रव्यात घोळवून सुरमईसारखं तळलं मी. एकदा तरी म्हणालात का, बरं झालंय म्हणून? औषधासारखं गिळता. आणि एकट्या बाईसाठी कोण तळत बसेल, म्हणून मीही सोडलं. मला ना शाल, ना नारळ.

परब: तुला कुणी सोडायला सांगितलेलं?

शकू: खायलाही कुणी सांगितलं नाही. आणि त्या केशरबाईला तरी कळवलंत का, की सोडलंय म्हणून?

परब: कुठल्या तोंडाने कळवू? ती आली की मी पडद्याआड.

शकू: दाढी करून.

परब: बेल वाजली. बघ कोण ते.

सुशांत: काकू, काका आहेत? काका, जरा हेल्प पाहिजे. हा मासा कुठला ते सांगा ना. मावशीला नाव विचारलं तर म्हणते, मना नको इचारू, पहिल्या मजल्यावर इचार.

परब: उघड पिशवी.

शकू: अहो, बसा खाली. चेहरा कसा झालाय तुमचा.

परब: जिताडा आहे हा.

सुशांत: चांगला असतो का?

परब: चांगला? अरे, पूर्वी इकडे पोरीच्या सासरी जिताडा पाठवला की वर्षभर तिला कुणी बोल लावत नसे. खाडीचा आहे. डोळा बघ. काही म्हणाली का ती देताना?

सुशांत: हां, भारी बोलली. म्हणाली, ही तुझ्यासाठीच ठेवली.

परब: शब्द हेच होते?

सुशांत: हेच. वर गालाला हात पण लावला. पाच-सहा आठवडे झालेत ओळखीला, पण एकदम घरच्यासारखं वागते यार.

शकू: सुशांत, पाणी घेतोस? नाही, तू नको. यांना देते.

सुशांत: रसिका माहेरी कल्याणला गेलीय, दुपारी येईल. तिला सरप्राइज. मी काय करणार, कांदाखोबरं भाजून, मस्त मटण मसाला टाकून घट्ट रस्सा करतो. बरोबर ना?

परब: बरोबर.

शकू: अहो!

परब: काय? त्याचा मासा आहे. भरपूर टाक मसाला. गरम मसालाही टाक.

सुशांत: आणि शिट्ट्या किती?

परब: शिट्ट्या?

सुशांत: कुकरच्या.

परब: बस. खाली बस, सुशांत. जिताड्याने तुझं काय वाकडं केलंय रे? ऐक. कुकर नाही. मटण मसाला नाही. खोबऱ्याला हातही लावायचा नाही. लसूण सालीसकट ठेचायचा, तेलात टाकायचा, वर हळद आणि आगरी मसाला. चिंचेचा कोळ घालून पातळ कालवण. उकळी आली की तुकडे सोडायचे. नंतर त्यात चमचा घातलास तर माझ्याशी बोलू नकोस. टोप दोन्ही हातांनी धरून नुसता हलवायचा.

सुशांत: थँक्यू काका! तुम्ही नसता तर वाट लागली असती.

परब: हो. लागली असती.

शकू: गेला. शेवटी सांगितलंतच.

परब: माणसाचा राग माशावर कशाला? पण गालाला हात, शकू. मला गालाला कधी नाही लावला.

शकू: नशीब माझं. अहो, खिडकीत या. ती पाटी उचलतेय. गेटाबाहेर नाही, जिन्याकडे वळली.

परब: जिना? तीस वर्षांत ती जिना चढली नाही. मी घरात नाही म्हणून सांग.

केशरबाई: सांगायची गरज नाय. मगाशी खिडकीत होतास ना? मना सगला दिसतो खालून. पडदा पातल हाय तुमचा.

शकू: या, केशरबाई. पाटी इथे टेकवा.

केशरबाई: पाटी मंग. आधी याला इचारू दे. कोन ती? मार्केटातली रंभा ना?

परब: कोण रंभा?

केशरबाई: बग कसा निरागस तोंड करतो! चार म्हयने जाले, खाली उतरत नाय. मी म्हनली आजारी आसल. तर जिन्याखाली तलनाचा वास! दर रैवारी. रव्याचा, कोकमाचा. म्हंजे खातोस. म्हंजे दुसरीकडना आनतोस.

परब: रंभाकडून? केशरबाई, तिचं पापलेट बर्फातून काढलं की शुद्धीवर यायला दोन दिवस लागतात. मी तिच्याकडे जाईन?

केशरबाई: मंग ती डोंबिवलीवाली आसल. पंपावर बसते ती. लई गोड बोलते.

परब: कुणी नाही. मी सोडलं. मासे सोडले.

केशरबाई: सोडला म्हंजे? मंगलवार सोडतान, चतुर्थी सोडतान, श्रावन सोडतान. आखा म्हावरा कोन सोडतो?

शकू: यांनी सोडला. शाल दाखवू का?

केशरबाई: शाल कनाला दाखवतंस, तव्यावरचा दाखव. तो वास येतो तो कंचा?

शकू: घ्या. हाताने घ्या. खाऊन बघा.

केशरबाई: हं… रवा बेस. आंबट बेस. काटा लागला नाय. यो कंचा म्हावरा?

शकू: सुरण.

केशरबाई: सुरन?

शकू: काल निरफणस होता.

केशरबाई: आरं देवा. खरंच सोडलास र तू.

परब: सांगायला तोंड नव्हतं म्हणून खाली आलो नाही.

केशरबाई: मी रंभावर डाफरली मार्केटात. तिची नि माजी बोलाचाली बंद. रैवारी घरना निंगताना सून बोलते, म्हातारे, आज कोनाला शिव्या घालनार? मी बोलते, परबाला. आता शिव्या कोनाला घालू?

परब: आणि त्या सुशांतला जिताडा दिलास तो?

केशरबाई: तुला दिसावा म्हनून दिला! खिडकीत उभा रावतोस, खाली येत नाय. म्हनली, जल आता. गालाला हात पन तेच्यासाठीच लावला.

परब: ते मात्र इथून दिसलं नव्हतं.

केशरबाई: नाय? फुकट गेला मंग.

शकू: फुकट नाही गेला. निरोप पोचला.

केशरबाई: जाऊ दे. हे घे. गोनपाटाखाली ठेवलेली. येताना डोंगराकडच्या बाईपासना घेतली, माज्या घरात नेवाला. शेवला हायती, रानातली भाजी. वर्सातना एकदाच येतान, तेवढीच यंदाची. म्हावरा सोडलास, तोंड तं नाय सोडलास ना?

परब: अगं, पण तुझ्या घरची…

केशरबाई: ही तुझ्यासाठीच ठेवली आसा समज. शकूबाय, संगती काकडांची फलं दिलीत, ती घातल्याबगर शिजवू नको. घसा खाजंल याचा.

शकू: माहीत आहे. थोडा खाजला तरी चालेल.

केशरबाई: नि कोनाला सांगू नको, परबा. सगली इमारत मागंल.

(दुपारी, ताटावर.)

शकू: तिसऱ्यांदा वाढतेय. माझ्या सुरणाच्या नशिबी दुसरी वेळही आली नाही कधी.

परब: वर्षातून एकदाच मिळते गं.

शकू: मीठ?

परब: बरोबर.

शकू: वास नाही येत? जिताड्याखाली सकाळभर पडलेली ती. चार पाण्यांत धुतली, तरी मला येतोय.

परब: मला नाही येत.

शकू: डोळे मिटून खाताय म्हणून विचारलं.

परब: तुला वास येत असेल तर तू नको खाऊस. तुझ्या वाटणीची इकडे वाढ. बेल वाजली.

शकू: सुशांत आहे. ये रे. वाटी कसली?

सुशांत: कालवण, काकू. टोप हलवून केलंय, आईशप्पथ चमचा नाही घातला. रसिका रडायचीच बाकी होती. म्हटलं काका खात नाहीत, पण काकूंना तरी. काका, एक विचारायचं होतं. ही म्हणते शेवळं यायला लागली असतील, मावशीकडे विचार. मी मघाशी गाठलं तिला नाक्यावर, तर म्हणते आणलीच नाहीत यंदा. तुम्हाला कुठे दिसली का?

परब: नाहीत रे. यंदा आलीच नाहीत.

सुशांत: ताटात काय आहे?

परब: सुरण.

सुशांत: ओके. चला, जेवा तुम्ही.

शकू: दार लोटून गेला. आता द्या ती वाटी इकडे.

परब: अगं, तू पण सोडलेलं ना?

शकू: हात तुम्ही वर केलेला. मी नुसती पंख्याखाली बसलेले. असे बघू नका. माझा घास घशात अडकेल.

परब: कसं झालंय?

शकू: तुम्ही सांगितलंत तस्सं.

परब: मटण मसाला नाही ना टाकला?

शकू: नाही.

परब: टाक म्हणायला हवं होतं.