गुळपोळ्यांचा डबा

सुवर्णा : ‘तवा तापायच्या आधी डोळे मिट, आभार मान, मग पोळी टाक.’ आई लहानपणापासून सांगायची. शनिवारी मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरातही मिटले. ‘आमेन’ तेवढं जरा मोठ्यानं निघालं.

शशिकांत : आणि गिरिजानं तुझ्या गुळपोळ्यांचा अख्खा डबा कचऱ्यात ओतला.

सुवर्णा : संक्रांतीच्या नैवेद्याला चालायच्या नाहीत म्हणाली.

शशिकांत : एवढंच?

सुवर्णा : ‘ख्रिश्चन आहेस आणि इतकी वर्षं आमच्यात राहून फसवलंस.’ बाकीच्या लाटत राहिल्या. कुणी मान वर केली नाही.

शशिकांत : फसवलंस? दर नाताळला केक कोण पोचवतं त्यांना?

सुवर्णा : इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये नाताळ सगळेच करतात हो. गिरिजाकडे आपल्यापेक्षा मोठं झाड असतं. माझं नाव सुवर्णा, माहेर नगरचं. कुणी विचारलं नाही, मी गळ्यात पाटी घातली नाही.

शशिकांत : इथे चौकाचौकात चर्च, आणि आपल्याला वाळीत टाकलं ते मराठी माणसांनी. ग्रुपमधूनही काढलं ना?

सुवर्णा : काढलं. चहा घ्या, गार होतोय. मला लतिकाकाकूंचं बघायचंय. काल मोतीबिंदू काढला, आज डोळ्याची पट्टी निघणार. मी नेईन असा शब्द दिलाय.

शशिकांत : गिरिजाच्या आईला? रात्रीचा तिचा मेसेज वाचलास ना? ‘येऊ नकोस, आईसाठी गाडी बुक केलीय.’

सुवर्णा : वाचला. म्हणून तर अजून बसलेय. शब्द काकूंना दिलाय, पण घर तिचं आहे.

शशिकांत : मग बसूनच राहा. एकदा कळू दे त्यांना.

सुवर्णा : काय कळू दे? म्हातारीला एकटं पाठवून?

(फोन वाजतो. सुवर्णा स्पीकर लावते.)

लतिकाकाकू : सुवर्णा, मी बूट घालून बसलेय गं. एका डोळ्यानं फोन लावलाय. कुठे आहेस?

सुवर्णा : काकू, तुमच्यासाठी गाडी येणार होती ना?

लतिकाकाकू : आली होती. हात हलवून परत पाठवली. त्या ड्रायव्हरशी काय बोलू मी? आणि डॉक्टर काय सांगतील ते कोण समजावणार? गिरिजा ऑफिसला गेली.

सुवर्णा : तिला सांगितलंत?

लतिकाकाकू : सांगितलं, सुवर्णाबरोबर जाते म्हणून. फोन ठेवला तिनं. माझी पोर आहे, मी बघेन. आणि ऐक, डबा ओतायच्या आधी दोन पोळ्या मी पदराखाली घेतल्या होत्या. तेवढंच धाडस झालं बघ.

सुवर्णा : काकू...

लतिकाकाकू : खसखस कमी होती.

सुवर्णा : संपली होती हो. दारात उभ्या राहू नका, बर्फ आहे. येते मी.

शशिकांत : पोळ्या खाल्ल्या, तोंड मात्र उघडलं नाही.

सुवर्णा : असू दे. थांबा, गिरिजाला मेसेज टाकते, मी नेतेय म्हणून. चोरून नको.

शशिकांत : आणि संध्याकाळी दारात येऊन बोलली तर?

सुवर्णा : ऐकून घेईन. मग डोळ्यात थेंब किती वेळा घालायचे, ते तिला सांगेन.

शशिकांत : आता डोळे का मिटलेस?

सुवर्णा : गाडी काढायच्या आधी... एक मिनिट.

शशिकांत : हळू म्हण बाई.

सुवर्णा : आमेन. किल्ली द्या.