चूल तिथेच राहील

हॅलो?… हॅलो? दादा?… हो, खुलानच बोलतेय. जरा मोठ्याने बोल, वारा फार आहे.

नाही रे, टेकडीवर उभी आहे. खाली रेंज नाही… दुलमा आणि सोदनोम? ते खाली आहेत. जेवलेत, धडधाकट आहेत.

कुठली टेकडी म्हणजे? आहे एक. गोबीत टेकड्यांना काय तोटा?

…फोटो? कुठला फोटो?

थांब जरा. ए सोदनोम! सोदनोम!! तू फोटो टाकलास?… अरे, मागे अख्खी टेकडी दिसतेय त्यात, गाढवा!… तरीच सकाळी एवढ्या हौसेने वर चढला होता.

हं, बोल दादा… ओळखणारच तू. लहानपणी इथेच तर उंट चारलेत आपण.

हो, सापडलं. मग? इतके उन्हाळे आम्ही तिघं हाडं शोधत भटकलो, हाती नुसते तुकडे लागायचे. दुलमा आडोशाला म्हणून गेली आणि किंचाळत आली. आम्हाला वाटलं, साप. बघतो तर लाल खडकातून शेपटीची हाडं ओळीने वर आलेली… अख्खा डायनासोर आहे, दादा. कवटीसुद्धा, जबड्यासकट. डोळ्याच्या खोबणीत माझी मूठ जाते.

तू कुणाला सांगितलंस?… ते राहू दे, कुणाला सांगितलंस ते बोल.

तो काळ्या जीपवाला? तोच ना, ज्याच्या माणसांनी गेल्या साली पलीकडच्या खोऱ्यात दात आणि नखं उपटून नेली? बाकीचं घणाने फोडलं! आम्ही तुकडे वेचत बसलो होतो, तूही होतास…

शब्द दिलास? सापडलं आम्हाला आणि शब्द दिलास तू?

तुझा ट्रक बंद पडलाय, मान्य. घरी हलाखी आहे, तेही मान्य. म्हणून हे विकायचं?… नाही. नाही म्हणजे नाही. अरे, ऐक ना… आधी माझं ऐक!

संग्रहालयाला कळवलंय. त्यांची माणसं परवा पोचतील… हो का? तुम्ही उद्या येणार? या ना.

घाबरू कशाला? या. फावडी आणा, कुदळी आणा. एकच सांगते. आम्ही गेर उभारलाय. साधा तंबू नाही, राहतं घर.

मग कुठे उभारणार? हाडांवरच. दार दक्षिणेला, लोकरीचे नमदे घट्ट बांधलेत, सगळं रीतसर. आणि मधोमध चूल. बरोबर कवटीच्या वर.

तिला काय होतंय! कवटीला प्लास्टर केलंय, त्यावर हातभर वाळू, मग चूल. चार पायांची लोखंडी.

हसतोस काय? लाथेने सरकवशील? पेटती चूल?… चुलीकडे सुरीचं टोक केलं, विस्तवाचा अपमान झाला म्हणून लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेस तू. तिथे फावडं मारशील?

माझी चूल कुठली आली? मी तंबूत राहणारी बाई… आईची आहे.

आणली म्हणजे आणली. मोटारसायकलला बांधून, धुराडं सोदनोमच्या पाठीला.

…न विचारता कशी आणेन? विचारलं तर म्हणाली, चूल एकटी जात नसते. दुलमाच्या मागे बसून आली. आत आहे ती… थट्टा नाही, दादा. विस्तव तिनेच पेटवला. आभाळाला दुधाचा पहिला शिंतोडा तिनेच दिला.

सांगितलंय. सगळं सांगितलंय. तुझ्या जीपवाल्याचंही… ऐकलं तिने. चहा ढवळत राहिली.

काय झालं? मघाशी तर लाथ मारणार होतास.

दादा?… तिच्याशी बोलायचंय?

नको, तिला वर बोलावणार नाही. गुडघे दुखतात तिचे. काय बोलायचंय ते उद्या येऊन तिच्यासमोर बोल. पाहुण्यालाही घेऊन ये. कुत्रा बांधून ठेवते. दारात आलेल्याला चहा मिळतोच, त्यालाही मिळेल. चुलीच्या अलीकडे बसून प्यायचा आणि निघायचं.

थांब, खालून आई हात करतेय. काय गं?… हो, विचारते!

दादा, ती विचारतेय, उद्या चहाला किती जणांचं पाणी ठेवू?

…हॅलो? दादा? हॅलो?

ठेवला.

ए दुलमा! गोवऱ्या आण गं, भरपूर आण! परवापर्यंत विझू द्यायची नाही!