खाऱ्यात खारं

(हैबती पोलादपूरच्या घरी; सून अनुपमा माहेराहून परतताना कशेडी घाटात अडकलेल्या एसटीत. फोन चालू आहे.)

अनुपमा : बाबा, येरझाऱ्या घालू नका. नीट बघून सांगा, श्वास कसा घेतोय?

हैबती : घाईघाईनं. कल्ले सारखे उघडझाप करतायत. पोटाला अंडी लावून फिरतो ना गो तुझा काडीसारखा मासा, तोच. सकाळपासनं कोपरा सोडला नाय.

अनुपमा : तो नर. पाइपफिशमध्ये अंडी नरच सांभाळतो. काही खाल्लं का त्यानं?

हैबती : त्या बारीक जित्या कोळंब्या सोडल्या. तिकडं तोंड पण नाय वळवलं त्यानं.

अनुपमा : पाण्यात काही केलंत?

हैबती : काय नाय. टाकी रोज दोन बोटं आटते, ती भरतोय.

अनुपमा : कुठल्या पाण्यानं?

हैबती : मोरीतल्या निळ्या पिंपातलं, तू मीठ कालवून ठेवलंस ते. समुद्राचा जीव, त्याला गोडं कसं घालू?

अनुपमा : अहो, आटतं ते नुसतं पाणी. मीठ टाकीतच राहतं. त्यात रोज आणखी खारं पडलं.

हैबती : म्हणजे कालवण आटल्यासारखं झालं.

अनुपमा : तसंच. टाकीतल्या खारेपणा मोजायच्या डबीचा काटा कुठे आहे?

हैबती : लालात गेलाय. थांब, गोड्या पाण्याची बादलीच ओततो.

अनुपमा : नको. एकदम बदललं तर आत्ताच जाईल तो. टाकीतलं एक तांब्या काढा, प्यायच्या फिल्टरचं गोडं एक तांब्या घाला, मग अर्धा तास थांबा. काटा हिरव्यात येईपर्यंत असंच.

हैबती : दिवस जाईल गो.

अनुपमा : जाऊ दे. पुढे दरड आलीय, गाडी हलत नाही. दीड वर्ष वाट बघितलीय मी या अंड्यांची. आज तो गेला तर सगळं गेलं.

हैबती : ठाव हाय. घात मीच केला.

अनुपमा : मी पिंपावर लिहायला हवं होतं. तुम्हाला एका जागी बसवत नाही, शेजारच्या श्रुतिकाला बोलवा. ती घालेल.

हैबती : नको. तुझा नवरा, यशराज, जन्मला तेव्हा तुझी सासू आत तळमळत होती. मला बाहेर बसवेना, तर ट्रक काढून घाटात निघून गेलो. दोन दिवसांनी आलो.

अनुपमा : बाबा?

हैबती : एक तांब्या घातला. खुर्ची ओढून बसलोय.