अर्ध्या दाढीची सकाळ

बाबा : …तेव्हा ऐकून ठेव. रोजची न्याहारी ही माणसाने स्वतःच्या पोटाची पत्करलेली सर्वांत जुनी गुलामगिरी आहे. मी तिच्यातून मुक्त झालो आहे.

मुलगी : मुक्त होऊन काल सलूनच्या खुर्चीतून खाली पडलात, बाबा. अर्ध्या दाढीनिशी.

बाबा : पडलो नाही. कलंडलो.

मुलगी : न्हावी फोनवर रडवेला झाला होता. काका पांढरेफटक पडले म्हणाला.

बाबा : तोंडाला फेस होता. हिरवा कसा दिसणार?

मुलगी : डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलंत ना? साखर उतरवायची गोळी घ्यायची आणि दुपारपर्यंत पोट रिकामं ठेवायचं, तर चक्कर येणारच. सकाळी नीट खाल्लं की साखर ताळ्यावर राहते, हातपाय लटपटत नाहीत, डोकं चालतं. पुढच्या वेळी खुर्चीत असाल की भर रस्त्यात, सांगता येत नाही म्हणाले.

बाबा : चांगला मुलगा आहे तो डॉक्टर. हे सांगताना स्वतः बिस्कीट खात होता.

मुलगी : बाबा.

बाबा : तुझ्या आईने एक दिवस न्याहारी चुकवली नाही. अंडं, फळ, दूध. सगळे फायदे रीतसर पदरात पाडून घेतले, आणि गेली माझ्याआधी. हे कसं काय, विचारलं मी त्याला. त्याने बिस्कीट खाली ठेवलं.

मुलगी : म्हणून रागाने खात नाही तुम्ही?

बाबा : राग कुणावर धरू? रोज उठतो, दोन अंडी उकडतो, दोन बशा मांडतो. मग बसून राहतो.

मुलगी : कशासाठी?

बाबा : आमचं ठरलेलं होतं, दुसरं आल्याशिवाय पहिल्याने घास उचलायचा नाही. छापखान्यातली रात्रपाळी संपवून मी यायचो तोवर ऊन वर आलेलं असायचं. ती उपाशी थांबलेली. दारातच विचारायची, आज जगात काय बिघडलं? दिवसात तेवढंच काय ते एकत्र खाणं. निवृत्त झाल्यावर मी उशिरा उठायला लागलो, तरी थांबायची. आता एकट्याने घास उचलला की वाटतं, ती अजून उपाशीच आहे. मग अंडी मांजराला घालतो. न्याहारीचे फायदे बघायचे असतील, तर मांजराकडे बघ.

मुलगी : आई उपाशी नसायची, बाबा.

बाबा : म्हणजे?

मुलगी : मी शाळेला निघायच्या आधी ती माझ्याबरोबर खायची. पोटभर. तुम्ही आलात की पुन्हा बसायची.

बाबा : दोनदा?

मुलगी : रोज. मला बजावून ठेवलं होतं, बोलायचं नाही. मी खाल्लंय हे कळलं, तर हा माणूस तसाच उपाशी झोपेल म्हणायची.

बाबा : तरीच एक केळं घेऊन तासभर बसायची. मला वाटायचं, माझं बोलणं रंगतंय.

मुलगी : रंगायचंच. नाहीतर भरल्या पोटी कोण बसेल?

बाबा : मी म्हणायचो, माझ्यापायी अशी उपाशी राहू नकोस गं. ती मान खाली घालायची. मला वाटायचं, गहिवरली.

मुलगी : हसू दाबत असणार.

बाबा : आणि तू लग्न होऊन गेल्यावर? मग पहिल्या खेपेला कोण असायचं तिच्याबरोबर?

मुलगी : कोणी नाही. ओट्यापाशी उभ्याउभ्या खायची, एकटी. तेव्हाच मला फोन करायची, तोंडात घास असायचा.

(मुलगी बशीतलं उकडलेलं अंडं उचलून सोलते.)

मुलगी : अंडं सोललंय. मी बसू समोर?

बाबा : बस. आणि त्याआधी माझी कवळी आण. बेसिनवरच्या पेल्यात असेल.