कूपन फुकट, तरच सोडत

हॅलो?… हो, निपाणीचा ट्रंककॉल ना? जोडा… आक्का? बोल गं, मी श्रीपाल.

काही नाही, ऊन पाहत होतो… हसू नकोस. वकीलसाहेबांच्या या कचेरीत सकाळचं ऊन फार सावकाश येतं. आधी गजांशी थांबतं, मग टेबलाच्या कडेवर, मग कायद्याच्या पुस्तकांच्या पाठींवरून एकेक नाव वाचत गेल्यासारखं सरकतं. धुळीलाही थोडा वेळ मान मिळतो. मग ते पुढे जातं, आणि मागे पुन्हा नुसती धूळ… बरं, बरं. पैसे पडतात. सांग.

हवालदार?… तुझं दुकान आज उघडायचं, आणि सोडत बंद कर म्हणून तो आत्ता सांगतो?… हो, हो… अगं ऐक ना. रडू नकोस. कूपनवर काय छापलंय, ते वाच.

'कापडखरेदीवर एक कूपन, सोडतीत शिलाई मशीन'… मग त्याचं बरोबर आहे, आक्का. ही लॉटरी झाली… कशी म्हणजे? पैसे दिल्यावाचून कूपन नाही, निवड नशिबावर, आणि वर बक्षीस. तिन्ही एकत्र आली की सरकारच्या परवानगीवाचून चालत नाही.

बस्तीत?… हो, आपल्या जैन मंदिरात अभिषेकाच्या पहिल्या कलशासाठी आपण चिठ्ठ्या टाकतोच. पण तिथं चिठ्ठीला कुणी पैसे मोजतं का?… तेच तर. दर्शनाला आला, त्याचं नाव चिठ्ठीत पडलं. तूही तसंच कर. 'कापडखरेदीवर' एवढं खोड, आणि उंबरा ओलांडेल त्याला कूपन दे, काही घेवो न घेवो. मग ती लॉटरी राहत नाही, साधी सोडत होते.

घेऊ देत की फुकट… शेजारचे नेमगोंडाकाका हसले तर हसू देत. तुझं कापड लोकांनी एकदा हातात तरी धरलं पाहिजे… व्हय, धरलं की सोडणार न्हाईत. आता कशी बोललीस.

मी?… दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगायचं?… न्हाय गं, इथं कामं आहेत… साहेब? साहेब गावाला गेलेत…

ऐकतोय…

येतो. मिळेल त्या गाडीनं येतो… तुझ्या नव्या घराच्या घरभरणीला आलो नाही, तेव्हाचं काम?… नव्हतं, आक्का. तेव्हाही नव्हतं. चार माणसांसमोर बोलायला मी घाबरतो.