घरच्या वाफ्यातलं बीट

भाजी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून अहवाल वाचत होत्या.

“आई, विकायच्या बिटात नायट्रेट कमी आहे. घरच्या वाफ्यातल्या बिटात तिप्पट.”

“पिशव्यांची अदलाबदल झाली असेल.”

“चिठ्ठ्या तुम्हीच बांधल्यात.”

“मग असं कसं?”

“युरिया जास्त झाला की बीट नायट्रेट साठवून ठेवतं आणि ते अंगाला बाधतं, असं इथल्या तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.”

“शेतात तर हे युरिया मोजूनमापून टाकतात.”

“आणि घरच्या वाफ्यात?”

“तिथं काय मोजायचं? चार दिवसांआड मी मूठभर टाकते.”

“चार दिवसांआड? कशाला, आई?”

“आता बाळाला वरचं खाणं सुरू करायचं ना. म्हटलं, त्याच्या वाट्याचं बीट चांगलं पोसलेलं असावं.”